खर्च वाढला, घास घटला

आमची आई शाळेत गेली नाही. पण वाण्याच्या दुकानात तिला फसवणारा अजून जन्माला यायचाय. किराणा घेतला की ती आधी पिशवी हातात तोलते. चिठ्ठी नंतर, आणि तीही माझ्याकडून वाचून घेते. गेल्या खेपेला मी चिठ्ठी बघून म्हटलं, ''आई, या महिन्यात आपला खर्च वाढला.'' ती म्हणाली, ''खर्च वाढला रं, पिशवी हलकी झाली.''

मित्रांनो, देशादेशांचे हिशेब लिहिणाऱ्या अर्थपंडितांनी हे वाक्य टेबलावरच्या काचेखाली ठेवायला पाहिजे. ते काय लिहितात? 'घरगुती उपभोग खर्चात वाढ.' 'मागणी सुधारली.' 'ग्राहकाचा विश्वास परतला.' कुठला ग्राहक? कुणाच्या ताटातली वाढ? ते विचारलं की पंडित चष्मा पुसायला लागतो.

हा प्रश्न घेऊन मी आज श्रीलंकेत जातोय. कारणं दोन. एक तर देश छोटा. सव्वादोन कोटींच्या आसपास माणसं. मुंबई आणि तिच्या भोवतालची उपनगरं मिळून तेवढी भरतील. छोट्या भांड्यात काय शिजतंय ते लवकर दिसतं. दुसरं कारण आपलं घरचं. त्या देशाला आपण हात जोडतो. बुद्धाचा देश. १९५० साली बाबासाहेब बौद्धांच्या परिषदेसाठी कँडीला गेले होते. हात जरूर जोडावेत. पण त्याच कँडीच्या डोंगरांत चहाचे मळे आहेत. त्या मळ्यांत दीडशेहून जास्त वर्षं, आधी कॉफीसाठी आणि मग चहासाठी, राबणारी माणसं कोण? इंग्रजांनी तामिळ मुलखातून नेलेली. त्यांत बहुसंख्य परैयर, पल्लर, चक्किलियर. म्हणजे आपलीच. गावकुसाबाहेरून उचलली आणि समुद्रापलीकडच्या गावकुसाबाहेर नेऊन टाकली. बरोबर मुकादम दिला, कंगाणी. तो बहुतेक वरच्या जातीचा. प्रवासाची उचल मजुराच्या डोक्यावर कर्ज म्हणून चढवली, तांदूळ मळ्यानंच द्यायचा आणि मजुरीतून कापायचा. मजुराचा उपभोग काय असतो ते मळेवाल्यांनी तेव्हाच शिकवून ठेवलंय: मालकानं ठरवलेला तांदूळ, मालकानं ठरवलेल्या भावात.

आता हिशेबाची रीत समजून घेऊ. अवघड काही नाही, अवघड करून सांगतात एवढंच. देशानं वर्षभरात काय केलं त्याचे मोठे वाटे पाडतात. घरांनी खाल्लं, ल्यायलं, वापरलं तो घरगुती उपभोग. सरकारनं मास्तर, नर्स, शिपाई, फौजी यांचे पगार दिले, दवाखाने-कचेऱ्या चालवल्या तो सरकारी उपभोग. मग कारखाने-रस्ते-इमारती, आणि निर्यातीतून वजा आयात. लंकेत घरगुती उपभोगाचा वाटा शंभरातले साधारण पासष्ट-सत्तर रुपये, सरकारी उपभोगाचा दहाच्या अलीकडे-पलीकडे. म्हणजे तो देश मुख्यतः माणसांच्या खाण्यापिण्यावर उभा आहे. तिथल्या घरांचं ताट हललं की अख्खा देश हलतो.

आणि हललाय. एकदा नाही, अनेकदा.

१९५३ साली तिथल्या अर्थमंत्र्यानं, जे. आर. जयवर्धनेनं, रेशनच्या तांदळाचा भाव मापाला २५ सेंटांवरून ७० सेंट केला. शाळेतलं पोरांचं फुकट खाणं बंद केलं. रेल्वेचं भाडं वाढवलं. सरकारला काटकसर करायची होती. १२ ऑगस्टला लोक रस्त्यावर उतरले. हरताळ. रूळ उखडले, तारा तोडल्या. पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसं मेली. मंत्रिमंडळ एवढं घाबरलं की बैठक कोलंबो बंदरातल्या ब्रिटिश युद्धनौकेवर घेतली. थोड्याच महिन्यांत पंतप्रधान डडली सेनानायके गेला, भाव खाली आला. त्यानंतर पुढची पंचवीस वर्षं तांदळाला हात लावताना तिथला प्रत्येक मंत्री दोनदा विचार करत होता. फुकट शिक्षण, फुकट दवाखाना, स्वस्त तांदूळ. त्यामुळं गरीब देश असूनही तिथली पोरं जगली, शिकली. जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचं कौतुक केलं.

पण मित्रांनो, त्या कौतुकात एक भोक होतं. १९४८ च्या नागरिकत्व कायद्यानं मळ्यांतल्या बहुतेक मजुरांना बिननागरिक केलं. सात लाखांवर माणसं एका कागदानं कुणाचीच राहिली नाहीत. लगेच मताचा हक्कही गेला. १९६४ साली शास्त्री आणि सिरिमावो बंदारनायके यांनी दिल्लीत बसून वाटणी केली. सव्वापाच लाख भारतानं घ्यायची, तीन लाख लंकेनं. वाटणी माणसांची हं, गुरांची नाही. ज्यांना मत नाही त्यांच्यासाठी सरकार कशाला खर्च करेल? देशाच्या शाळा १९४५ पासून फुकट झाल्या, पण मळ्यांतल्या शाळा सरकारनं ताब्यात घ्यायला सत्तरचं दशक उजाडलं. सरकारी उपभोगाचा आकडा वाढत होता, त्यातला मास्तर डोंगर चढून मळ्यात येत नव्हता. म्हणून म्हणतो, सरासरी म्हणजे काय? एकानं दोन भाकरी खाल्ल्या, दुसरा उपाशी, आणि कागदावर दोघांनी एकेक भाकर खाल्ली.

मग आलं १९७७. तोच जयवर्धने आता गादीवर. खुली अर्थव्यवस्था. १९७९ साली रेशन मोडून कूपन दिलं, महिना ३०० रुपयांच्या आतल्या कुटुंबांना. या वेळी दंगा झाला नाही. का? कारण साहेब शहाणा झाला होता. १९५३ मध्ये त्यानं भाव वाढवला होता, तो सगळ्यांना दिसला. आता कूपनावरचा आकडा तोच ठेवला आणि बाजाराला वाढू दिलं. कूपन हातात, आकडा जागेवर, तांदूळ मात्र दर वर्षी कमी. चोरी झाली पण कुलूप शाबूत. तीन-चार वर्षांत कूपनाची निम्मी किंमत महागाईनं खाल्ली. ही युक्ती लक्षात ठेवा. आजही गरिबाला पैसे द्यायची भाषा होते तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचा: भाव चढले तर हा आकडा चढणार का?

आता अलीकडचं. २०१९ च्या अखेरीला गोटाबाया राजपक्षे निवडून आला आणि त्यानं करकपातीची खिरापत वाटली. मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, १५ वरून ८ टक्के. कंपन्यांवरचा कर २८ वरून २४. मोठ्या पगारवाल्याच्या कराचा वरचा दर २४ वरून १८. पंडित म्हणाले, लोकांच्या हातात पैसा राहील, उपभोग वाढेल. कुणाच्या हातात? मळ्यातली बाई कुठला आयकर भरत होती? पुढं करोना आला, पर्यटक थांबले, तिजोरीत येणारा पैसा राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ-नऊ टक्क्यांवर आला. आणि त्या आटलेल्या तिजोरीतून व्याज किती जात होतं? २०२१ आणि २०२२ मध्ये सरकारकडे आलेल्या दर शंभरातले सत्तरहून जास्त रुपये.

इथं थांबा. सरकार फार खर्च करतं, सरकारनं पोट आवळावं, असं जे सतत सांगतात त्यांना एक गोष्ट विचारा. सावकाराला दिलेलं हे व्याज सरकारी उपभोगात मोडतं का? नाही मोडत. ते वेगळ्या खात्यावर जातं. नर्सचा पगार उपभोगात. मास्तरचा पगार उपभोगात. सावकाराचं पोट मात्र उपभोगाच्या यादीत कुठंच नाही. मग उपभोग आवळा म्हटलं की कात्री कुणावर येणार?

अर्थात नर्स आणि मास्तरांच्या त्याच खात्यात बंदूकही बसलेली असते. तामिळ वाघांशी युद्ध २००९ मध्ये संपलं. त्यानंतर तेरा वर्षांनीही लंकेच्या लष्करात दोन लाख माणसं होती. जानेवारी २०२३ मध्ये, पार दिवाळं निघाल्यावर, सरकारनं जाहीर केलं की ती पुढच्या वर्षापर्यंत १,३५,००० आणि २०३० पर्यंत एक लाखावर आणू. त्या फौजेतही खेड्यातली गरिबांचीच पोरं, दुसरी नोकरी नाही म्हणून गेलेली. पण हिशेबाचं वाकडेपण बघा: दवाखान्यातली सलाइन आणि छावणीतला पगार एकाच ओळीत, एकाच नावानं. 'सरकारी उपभोग इतके टक्के.' ती ओळ फोडून बघितल्याशिवाय ती वाढावी की घटावी, यावर आपण तोंडच उघडू नये.

२०२२ साल. मार्चमध्ये रुपया सोडून दिला. डॉलरला दोनशेच्या आसपास होता, मे महिन्यापर्यंत तीनशेसाठवर गेला. १२ एप्रिलला सरकारनं सांगितलं, परदेशी कर्ज फेडता येत नाही. तेरा-तेरा तास वीज नाही. पेट्रोलच्या रांगेत माणसं मेली. कागद नाही म्हणून पश्चिम प्रांतात शाळांच्या परीक्षा पुढं ढकलल्या. सरकारी दवाखान्यांत औषधं नाहीत, म्हणून ठरलेली ऑपरेशनं लांबली. ज्याला परवडेल त्यानं बाहेरून गोळी आणली. बघा हं गंमत: सरकारनं गोळी दिली नाही तेव्हा सरकारी उपभोग घटला. माणसानं दागिना मोडून तीच गोळी आणली तेव्हा घरगुती उपभोग वाढला. वहीत बेरीज जुळली. मोडलेला दागिना वहीत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोतली महागाई ६९.८ टक्के, नुसत्या अन्नाची ९४.९ टक्के. म्हणजे वर्षापूर्वी शंभरात येणारं अन्न जवळजवळ दोनशेला. त्या वर्षी देशाचं उत्पन्न चालू भावानं सुमारे साडेसतरा लाख कोटी रुपयांवरून चोवीस लाख कोटींवर गेलं. वा! आणि महागाई वजा करून मोजलं तर सात टक्क्यांहून जास्त आकसलं. आकडा फुगला, देश वाळला. आईची पिशवी हीच. जागतिक बँकेच्याच अंदाजानं गरिबी २०२१ मधल्या १३ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २५ टक्क्यांवर गेली. एका वर्षात दुप्पट.

मळ्यांत काय झालं असेल? २०१९ च्या सरकारी पाहणीत शहरात गरीब ६ टक्के, खेड्यात १५, मळ्यांत ३३.८. म्हणजे संकट यायच्या आधीच तिथं दर तिसरा माणूस गरीब. देशातलं सरासरी घर खर्चातला तिसरा हिस्सा अन्नावर घालतं, मळ्यातलं घर निम्म्याच्या जवळ. ज्याचा निम्मा खर्च अन्नाचा, त्याला अन्नाचा भाव दुप्पट झाला की उरतं काय? कोलंबोतला साहेब मोटार बदलायचं पुढं ढकलतो. मळ्यातली बाई पोराच्या ताटातलं पुढं ढकलते. दोघांचाही 'उपभोग घटला' असंच लिहितात. च्यायला, शब्द एकच!

तिची मजुरी ऐका. वर्षानुवर्षं लढून २०२१ साली दिवसाला हजार रुपये झाली. तेव्हाच्या दरानं पाच डॉलर. वर्षभरात तोच हजार तीन डॉलरच्याही आत आला. चहा मात्र डॉलरमध्ये विकला जातो. मळेवाल्याचा डॉलर जागेवर, मजुराचा रुपया दरीत. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर अख्खं पुस्तक लिहिलं, ते काय नुसतं पदवीसाठी? रुपया पडला की निर्यातवाल्याला जो फायदा होतो तो आभाळातून येत नाही, भाव चढतात आणि मजुरी मागं राहते त्या फटीतून येतो, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं. आपण त्यांचा पुतळा बघतो, पुस्तक बघत नाही.

लोकांनी ९ जुलै २०२२ ला राष्ट्राध्यक्षाचा बंगला घेतला, त्याच्या पोहण्याच्या तलावात उड्या मारल्या. गोटाबाया पळाला. फोटो जगभर छापले. पण तलावातलं पाणी अंगावरून सुकेपर्यंत बिल तयार होतं. नाणेनिधीनं मार्च २०२३ मध्ये सुमारे तीन अब्ज डॉलरचा करार केला. व्हॅट ८ वरून १२, १२ वरून १५, आणि १ जानेवारी २०२४ पासून १८ टक्के. पेट्रोल, डिझेल, स्वयंपाकाच्या गॅसलाही लावला. वीज ऑगस्ट २०२२ मध्ये सरासरी ७५ टक्के महाग, फेब्रुवारी २०२३ मध्ये वर आणखी ६६ टक्के. २०२३ मध्ये देशांतर्गत कर्जाची फेररचना केली तेव्हा बँकांना वगळलं आणि कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचं व्याज कापलं. ज्यांनी कर्ज काढलं नाही त्यांनी फेडायचं. मळ्यातल्या मजुराला कंगाणीनं हेच शिकवलं होतं, आता अख्ख्या देशाला शिकवलं.

व्हॅट म्हणजे काय? उपभोगावरचा कर. कमवण्यावर नाही, साठवण्यावर नाही, जगण्यावर कर. जो कमावलेलं सगळं खाण्यात घालतो त्याच्या जवळपास सगळ्या कमाईला तो भिडतो. जो निम्मं साठवतो त्याच्या निम्म्याला लागतच नाही. कर देणाऱ्यांच्या पैशावर गरीब जगतात म्हणून नाक मुरडणाऱ्या पांढरपेशांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

आणि मोडलेलं घर सावरलं कुणी? बायांनी. आखातात दुसऱ्यांची भांडी घासणाऱ्या, मुलं सांभाळणाऱ्या बायांनी आणि तिथं मजुरी करणाऱ्या गड्यांनी. परदेशातून येणारा पैसा २०२२ मध्ये पावणेचार अब्ज डॉलरच्या आसपास घसरला होता, २०२४ मध्ये साडेसहा अब्जांवर गेला. नाणेनिधीनं चार वर्षांत मिळून जेवढं द्यायचं कबूल केलं त्याच्या दुप्पट, एका वर्षात. नाणेनिधीच्या साहेबाचा फोटो पेपरात आला. त्या बायांचा पासपोर्टवरचा सोडून कुठं फोटो नाही.

२०२४ मध्ये लोकांनी डाव्या अनुर कुमार दिसानायके यांना निवडलं. आशा होती, आहे. पण करार तोच राहिला: २०२५ पासून व्याज सोडून सरकारनं उत्पन्नाच्या २.३ टक्के शिल्लक टाकायची. मळ्याची मजुरी २०२४ मध्ये १,३५० झाली. २०२६ च्या अर्थसंकल्पात ती १,७५० करायचा प्रस्ताव आला, त्यातले २०० रुपये सरकारी तिजोरीतून. मजुराला मिळाले, चांगलं झालं. पण मळेवाल्यानं द्यायची मजुरी तिजोरीनं दिली, आणि तिजोरी भरते त्या मजुराच्याच चहा-साखरेवरच्या करातून. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातले, खिसे दोन्ही तिचेच. महागाई आता खाली आलीय, हे खरं. पण महागाई खाली आली म्हणजे भाव खाली आले नाहीत. जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबले, एवढंच.

कुणी म्हणेल, हा लंकेचा पाढा आमच्यापुढं कशाला? आपल्याकडची गोष्ट सांगतो. २०१७-१८ च्या घरगुती खर्च पाहणीचा अहवाल सरकारनं २०१९ मध्ये बाजूला टाकला, छापलाच नाही. पुढची पाहणी २०२२-२३ ची. तिच्यात खेड्यातल्या अनुसूचित जातीच्या माणसाचा महिन्याचा खर्च ३,४७४ रुपये, 'इतर' म्हणून लिहिलेल्या वरच्यांचा ४,३९२. नऊशे रुपयांची ती फट म्हणजे काय? तेल, डाळ, दूध, पोरीची वही. लंकेत एवढंही कळत नाही. तिथली जनगणना वंश विचारते, जात विचारत नाही. मळ्यातला परैयर 'भारतीय तामिळ' या एका शब्दाखाली गाडला जातो.

तेव्हा मित्रांनो, यापुढं कुणी उपभोग वाढल्याचा आकडा तोंडावर फेकला, तर आकड्याला घाबरून गप्प बसायचं नाही. विचारायचं: रुपयांत वाढला की किलोत? कुणाचा वाढला, जात आणि वर्ग फोडून दाखवा. सरकारी खर्च म्हणता त्यात दवाखाना किती, छावणी किती? आणि सावकाराला किती गेलं, ते कुठल्या पानावर लिहिलंय? वस्तीवस्तीत, वसतिगृहात, अभ्यासवर्गात हे चार प्रश्न पोचले पाहिजेत. अर्थसंकल्प वाचणं हे बाबूंचं काम आहे असं समजून आपण तो सोडून दिला, म्हणून तो त्यांनी त्यांच्यासाठी लिहिला.

हा लेख लिहून झाला तेव्हा आईला वाचून दाखवला. लंकेतल्या बाईची मजुरी आली तिथं तिनं मला थांबवलं. विचारलं, ''हजारात तिला तांदूळ किती यायचा?''

जगातल्या सगळ्या अर्थखात्यांनी आधी याचं उत्तर द्यावं. मग वाढीचं बोलावं.